थांबवून ठेवलेलं नाव

कुप्पाक मला बाबा म्हणतो. तो सत्तरीचा, मी चोपन्नची, आणि नात्यानं त्याची मेव्हणी. तरी बाबाच. दक्षिणेकडून नव्यानं आलेली संशोधक पोरं पहिल्या दिवशी हे ऐकून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. बसेनात का! आम्हा नुवुक्ताक गावच्या, बर्फातल्या माणसांना त्यात काही नवल वाटत नाही.

त्याचा बाप तुलुगाक वसंतातल्या पातळ बर्फातून खाली गेला तो गेलाच. त्याच महिन्यात शेजारच्या तंबूत मी जन्मले आणि आईनं मला तेच नाव दिलं. नाव दिलं की माणूस परत येतो. मुलगी झाली की मुलगा, नावाला त्याच्याशी कर्तव्य नसतं. सोळा वर्षांचा कुप्पाक तीन आठवडे कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता. तो आमच्या तंबूत शिरला, गुडघे टेकून बसला आणि कातड्यात गुंडाळलेल्या त्या गाठोड्याला म्हणाला, "बाबा, भूक लागली असेल तुम्हाला." तेव्हापासून मी त्याचा बाप. त्या वसंतात त्यानं सील मारला, तर काळजाचा पहिला तुकडा माझ्यासाठी घेऊन आला. मला दात कुठले! शेवटी आईनं तो चावून मऊ केला आणि माझ्या ओठांना लावला, तेव्हा कुठे हा जेवायला बसला.

माझी थोरली बहीण उलायुक त्याच्या मनात भरली तेव्हा मी सहा वर्षांची होते. हा एवढा दांडगा गडी माझ्यासमोर येऊन उभा. "बाबा, लग्न करू का?" मी म्हटलं, "मला रोज गाडीवर बसवशील तर कर."

गाडी म्हणजे गावात आलेली दुसरी स्नोमोबाइल. आणली त्याच आठवड्यात त्यानं ती पार सोडवून घरासमोर कातड्यावर मांडली. म्हातारी माणसं म्हणाली, झालं, मेली ती. त्यानं सगळी पुन्हा जोडली, एक नट उरला आणि गाडी सुरू झाली. त्या नटावरून उलायुक त्याला जन्मभर टोचायची. "तो गाडीचा नव्हताच," म्हणायची, "तुझ्या डोक्यातला होता."

पुढे गावातली एकही गाडी अशी राहिली नाही जी त्याच्या हाताखालून गेली नाही. आजही गाडीनं कुरकुर केली की तो आधी कान लावून ऐकतो, मग हातमोजा काढतो. बोलतो कमी. कुणाला 'नाही' म्हणणं तर त्याला जमतच नाही. हा गुण म्हणा नाहीतर खोड. संशोधकांच्या तुकड्या गेली पंचवीस वर्षं त्याच्या भरवशावर बर्फावर जातात, आणि संध्याकाळी परत आल्या की माझ्या हातचं जेवतात, कारण त्यांच्या घरातला स्वयंपाक माझ्याकडे आहे. दर वसंतात येतात, वरच्या हिमपठारावरचा बर्फ किती वितळला ते मोजतात, मे संपता संपता जातात. रविवारी त्यांना सुट्टी. मग काय, गाड्या काढायच्या आणि भटकायचं. आठवडाभर बर्फच बघतात आणि सुट्टीच्या दिवशी काय बघायला जातात, तर बर्फ! मी त्यांना तोंडावर वेडे म्हणते, तेही हसतात.

त्यांचा म्होरक्या ओस्ताप. गव्हाच्या सपाट मुलुखातला, अंगानं अस्वल, आणि दाढी अशी की गाव त्याला दाढी म्हणूनच हाक मारतं. आठ वसंत झाले येतोय. आमची भाषा मोडकीतोडकी का होईना, पण बोलतो. पहिल्या वर्षी तो दुकानातला पातळ कोट घालून विमानातून उतरला तेव्हा उलायुकनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हे पोर मरेल." आठ दिवसांत त्याच्या मापाचा पार्का, आमचा जाड टोपीवाला कोट, शिवून दिला. तिला स्वतःला थंडी मुळीच सोसायची नाही. हसू नका, अशीही माणसं आमच्यात असतात. ती कायम चुलीला चिकटून बसायची आणि तिथंच तिचं शिवण चालायचं. ओस्ताप संध्याकाळी तिच्यापाशी बसून शब्द शिकायचा. चुकला की ती सुईनं टोचल्यासारखं करायची.

आता ते सांगते, जे सांगायला मला आवडत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी कुप्पाक या मंडळींना हिमनदीचा निळा कडा दाखवायला घेऊन गेला. तीनला परत फिरायचं ठरलं होतं. कड्यावर ऊन काय सुरेख पडलं होतं म्हणे. ओस्ताप म्हणाला, "कुप्पाक, अजून एक तास?" आणि कुप्पाकला 'नाही' म्हणता येत नाही. इकडे घरात उलायुक कातडं कापता कापता आडवी झाली. डोक्यात रक्त उतरलं होतं. नर्सनं विमान मागवलं. बॅटरी गोठू नये म्हणून त्यांनी उपग्रहाचा फोन बंद करून घसरगाडीवरच्या पेटीत, घोंगडीत गुंडाळून ठेवलेला, त्यामुळे निरोप जाणार कसा? वैमानिकानं वाऱ्यानं थांबू दिलं तेवढा वेळ वाट पाहिली. तिच्यासोबत मी निघाले. विमानाच्या जिन्यावर तिनं दोनदा विचारलं, "आला का तो?" मी दोन्ही वेळा म्हटलं, येतोय. विमान उडालं आणि चाळीस मिनिटांनी यांच्या गाड्या गावात शिरल्या. पुढे दोन दिवस हवा बिघडलेली, दुसरं विमान नाही. तिसऱ्या दिवशी दूर दक्षिणेच्या इस्पितळात माझ्या हातात हात ठेवून ती गेली.

तिनं दोनदा विचारलं, हे त्याला कळायला नको होतं. पण मीच बोलून गेले. माझी जीभ!

कुप्पाकनं ओस्तापला एका शब्दानं दोष दिला नाही. ओस्तापनंही तो विषय काढला नाही. दोघं शेजारी शेजारी काम करत राहिले, बोलायचे ते फक्त गाडीचे पट्टे, प्लग आणि वारा एवढ्यापुरतं. रविवारी मात्र कुप्पाक पुन्हा कधी त्यांच्याबरोबर गेला नाही. मी ओस्तापला बोलले नाही हे खरं, पण तीन वर्षं भाकरीचा करपलेला तुकडा नेमका त्याच्याच ताटात जायचा. आपोआप नाही जायचा. मीच वाढायचे.

आणि नाव. एवढ्यात गावात चार बाळं जन्मली. चारही आया कुप्पाककडे आल्या. "उलायुकचं नाव ठेवू का?" त्यानं प्रत्येकीला एकच उत्तर दिलं, "अजून नाही. थांबा." एखाद्याला 'नाही' म्हणताना मी त्याला जन्मात पहिल्यांदा ऐकलं. गावातल्या म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या. इतके दिवस नाव बाहेर ठेवू नये, ते बरं नव्हे. शेवटी मी बाप या नात्यानं त्याला धरलं.

"पोरा, माझ्या बहिणीनं किती दिवस वाऱ्यावर फिरायचं?"

तो कार्बोरेटर पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "बाबा, नाव दिलं की ती येणार. माझ्याकडे बघणार. मी तिला काय सांगू? कुठे होतो म्हणून सांगू?"



या वसंतात संशोधकांनी वरच्या पठारावर एक उंच खांब उभा केला. वारा मोजतो, थंडी मोजतो, तासातासाला आकडे पाठवतो. त्यांच्यात अशा खांबालाही नाव द्यायची पद्धत. ओस्ताप स्वयंपाकघरात आला आणि दारात घुटमळत उभा राहिला.

"तुलुगाक, गावातलं एखादं नाव सुचवा ना. आमच्या तुकडीसाठी ज्यांनी खूप केलं, अशा कुणाचं."

त्याच दिवशी सकाळी चौथ्या बाळाचं बारसं उरकलं होतं, भलत्याच नावानं. माझं डोकं आधीच तापलेलं. मी पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. "उलायुकचं द्या! लेकरांना देत नाही तो, निदान खांबाला तरी मिळू दे!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. तो हळूच म्हणाला, "थँक यू," आणि गेला. माझी भाकरी करपत होती, मी तिकडे वळले.

शनिवारी तो पितळेची पाटी घेऊन आला. आठवडाभर जेवणानंतर बसून त्यानं स्वतः कापली होती, घासली होती, आमच्या लिपीत नाव कोरलं होतं. "उद्या कुप्पाकना घेऊन जायचंय. त्यांच्यासमोरच लावू असं आधी ठरवलं होतं, पण राहवलं नाही. ही घरासाठी दुसरी केली. पहिली वर लावूनही आलो. तुम्ही सांगितलंत ना, म्हणून."

नाव लावलं? लोखंडाला? मी तर रागाच्या भरात बोलले होते. अरे, आमच्यात नाव असं कशावर ठोकत नाहीत रे! पण त्याचे ते लालभडक डोळे, ती चकचकीत पाटी... मग वाटलं, कोण जाणे, बरंही होईल. निदान हे दोघं एकमेकांशी बोलतील तरी. असा स्वतःच्या मनाला लोणी लावत मी गप्प बसले.

कुप्पाक यायला तयार नव्हता. "रविवारी नाही, बाबा."

"मी सांगतेय. आणि मीही येतेय."

"तुम्ही? तुम्हाला चर्च नाही?"

"पाद्रीबाईंना कळवलंय, घसा धरलाय म्हणून."

"इतकं ओरडताय आणि घसा धरलाय?"

"उलट बोलू नकोस. गाडी काढ."

बापाचा शब्द मोडायची सोय नाही, म्हणून आला. ओस्तापच्या हातात मी सकाळी दुसरी पाटी बघितली तेव्हा ती काढून घेतली आणि पिठाच्या डब्यात लपवली. म्हटलं एकच संकट पुरे.

नऊला निघालो. पुढे कुप्पाक, त्याच्यामागे त्याच्या घसरगाडीच्या पेटीत घोंगड्यांत बसलेली मी, मग ओस्ताप, आणि शेवटी मरीझ नावाची क्युबेकची विद्यार्थिनी. बाकीची मंडळी दमून झोपली होती. उणे अठ्ठावीस, वारा बेताचा, ऊन असं की डोळे उघडवेनात. किनाऱ्यालगत भरतीनं पाडलेली भेग कुप्पाकनं उतरून काठीनं चाचपली, मगच एकेकाला पलीकडे घेतलं. समुद्राचा बर्फ लागला आणि गाड्या सुटल्या. मरीझ मागून आनंदानं किंचाळत होती. पोर लहान आहे, तिला काय ठाऊक कसला रविवार आहे तो. कुप्पाक एक गुडघा आसनावर टेकवून उभ्यानं चालवत होता. दर थोड्या वेळानं मागे वळून तीनही डोकी मोजायचा. सुट्टीच्या दिवशी गाडी चालवताना मी त्याला किती वर्षांनी बघत होते! खरं सांगते, मला भरून आलं.

खाडीच्या मधोमध एक हिमनग थंडीत अडकून पडला होता. त्याच्या आडोशाला पहिला थांबा घेतला. मरीझ फोटो काढायला धावली, कुप्पाक तिच्या गाडीचा पट्टा तपासायला वाकला. मी ओस्तापची बाही धरून त्याला बाजूला ओढलं.

"ती पाटी झाकता येईल का?"

"झाकायची? का?"

"चूक झाली माझी. नाव असं द्यायचं नसतं. त्यानं ते अजून कुणालाच दिलेलं नाही. तिला तोंड दाखवायची त्याची हिंमत नाही, त्या दिवसामुळे."

कुठला दिवस, ते त्यानं विचारलं नाही. त्याचा चेहरा दाढीआड पांढरा पडला. "आपण परत फिरू या," तो म्हणाला. पण तेवढ्यात कुप्पाकनं गाडी सुरू केली. समोर पठाराची वाट, हवा छान, आणि मी आधीच त्याला हुकूम दिलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता थांबवायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. मी पेटीत जाऊन बसले आणि चढ संपेपर्यंत मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

वरती काही नाही. पांढरी जमीन, पांढरं आभाळ, मधे तो खांब. वारा तिथं मोकाट. खांबावरच्या वारा मोजायच्या वाट्या गरागरा फिरत होत्या. कुप्पाकनं गाडी बंद केली, चष्मा वर केला आणि सरळ खांबापाशी गेला. यंत्र दिसलं की त्याला राहवत नाही. एक फेरी मारली, दोऱ्या ओढून बघितल्या, आणि मग त्याला पाटी दिसली.

तो तिच्यासमोर उभा राहिला.

"कुणी दिलं?"

"मी," ओस्ताप म्हणाला. "मी," मी म्हणाले. दोघंही एकदमच.

त्यानं आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही. "इथे कोण राहतं?"

"कुणी नाही," ओस्ताप म्हणाला.

"हिवाळ्यात? तीन महिने सूर्य नसतो तेव्हा?"

"कुणीच नाही. ते आपोआप चालतं."

कुप्पाकनं मान हलवली, जणू गाडीतला बिघाड सापडला. "दाढी, तुला माहीत आहे तिला थंडी सोसत नाही. तुझा पार्का चुलीपाशी बसून शिवला तिनं. आणि तू तिला इथे ठेवतोस? एकटीला?" आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "काढ ते."

ओस्ताप धावत जाऊन पेचकस घेऊन आला. जाड हातमोज्यांत स्क्रू धरता येईनात, म्हणून त्यानं हातमोजे काढले. त्या वाऱ्यात उघड्या हातानं पितळेला भिडला. पहिला निघाला, दुसरा निघाला. तिसरा गोठून बसला होता. मी म्हटलं, अरे जरा दम घे. ऐकेल तर शपथ. मरीझनं त्याचे हातमोजे उचलून पुढे केले, तिच्याकडेही बघितलं नाही. तो आठ वर्षं आमच्यात राहिलेला माणूस, बोटांचं काय होतं हे त्याला सांगायला नको. तरी तो पेचकस फिरवत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत राहिलं. चौथा स्क्रू बर्फात पडला तेव्हा त्याची बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. पाटी धरवेना, तीही पडली.

कुप्पाक दोन ढांगांत त्याच्यापाशी गेला. स्वतःचा पार्का वर केला, आतला स्वेटर वर केला, त्याचे दोन्ही हात धरले आणि आपल्या उघड्या पोटावर दाबले. थंडीनं स्वतः कळवळला, पण सोडलं नाही. तिचे हात गारठले की तो हेच करायचा. घरात आम्ही शंभरदा बघितलेलं.

"हलू नकोस," तो म्हणाला. "उलायुक, हलू नकोस. आता दुखेल, मग बरं वाटेल."

मी ऐकलं. ओस्तापनं ऐकलं. मग खुद्द कुप्पाकनंही आपण काय बोललो ते ऐकलं.

"काय म्हणाले ते?" मरीझनं मला हळूच विचारलं. मी तिच्या दंडाला धरून तिला जरा मागे घेतलं.

असं बघा, नाव एकदा मोठ्यानं बाहेर काढलं की त्याला जागा हवी. माझ्या या जिभेनं ते बाहेर काढलं, खांबावर गेलं, तिथून उतरवलं. ते आता खिशात घालून घरी नेऊन फळीवर ठेवायची वस्तू नव्हती. उतरवणाऱ्याच्या हातात ते आलं होतं आणि ते हात आता तिच्याच जागी, त्या पोटावर होते. मोठ्या माणसाला नव्यानं नाव मिळत नाही असं काही नाही. पण दाढी? ज्यानं तो एक तास मागितला, तोच?

कुप्पाकनं त्याचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं. सत्तर वर्षांचा माणूस, आणि नजर पोराची. "बाबा?"

परवानगी मागत होता. आणि मी काय सांगू, माझ्या मनात करपलेल्या भाकरीचे तीन वर्षांचे तुकडे उभे राहिले. मनात आलं, नाही म्हणावं. गावात अजून बाळं जन्मतील, त्यांना देऊ. मग त्या अस्वलाकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता, मार खायला उभं राहावं तसा. याला पहिल्या दिवशी बघून "हे पोर मरेल" म्हणणारी आणि मरू न देणारी माझी बहीणच होती ना?

"होय," मी म्हटलं. "तीच आहे. आली."

मग ओस्तापला समजावणं आलं. तो म्हणाला, मला कळलं नाही. मी म्हटलं, "सोपं आहे. तू उलायुक. हा तुझा नवरा. मी तुझी धाकटी बहीण, म्हणजे कालपर्यंत तुला बूट काढून आत ये म्हणून ओरडत होते, ते आता बंद."

मरीझला हसू फुटलं. "अभिनंदन, सर! नवरा मिळाला!"

"नवरा घोरतो," मी म्हटलं. "आत्ताच सांगून ठेवते."

"खोटं आहे," कुप्पाक म्हणाला. आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तेवढंच, पण मी बघितलं. ओस्ताप हसतही होता, रडतही होता, आणि बोटांत जीव परत येत होता म्हणून ओरडतही होता.

"खांबाला काय नाव द्यायचं मग?" मरीझनं विचारलं.

"नंबर द्या," कुप्पाक म्हणाला. "खांबाला नंबर पुरतो."

पाटी त्यानं घोंगडीत गुंडाळली आणि पेटीत माझ्याजवळ दिली. उतरताना तो वळून बघायचा, तेव्हा आधी ओस्तापच्या गाडीकडे बघायचा. तीन डोकी मोजत होता खरा, पण एका डोक्यावर जरा जास्त रेंगाळायचा.

हिमनगापाशी पुन्हा थांबलो. स्टोव्ह पेटवला, हिमनगाचाच तुकडा फोडून पाणी ठेवलं. आडोशाला वारा नव्हता. मी मक्ताक कापलं. देवमाशाची ती कातडी मरीझला अजून गिळवत नाही, म्हणून तिला बिस्किटं दिली. कुप्पाकनं चहा ओतला. पहिला कप नेहमी मला, बाप ना मी! आज त्यानं पहिला कप ओस्तापला दिला आणि त्याच्यासमोर बर्फावर बसला. मी मुकाट्यानं दुसऱ्या कपाची वाट बघितली.

मग कुप्पाक बोलला, हळू आणि सोप्या शब्दांत, समोरच्याला समजावं म्हणून.

"त्या दिवशी तू दोनदा विचारलंस. मी नव्हतो. मला तीनला परत फिरायचं होतं. फिरलो नाही. मला उशीर झाला, उलायुक."

तीन वर्षं गिळून ठेवलेलं ते वाक्य बाहेर आलं आणि माझ्या हातातली सुरी थांबली. ओस्तापचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा आपल्या भाषेत माफी मागत सुटणार, मी, मी, माझ्यामुळे, म्हणत. म्हणजे सगळं पुन्हा दाढी आणि कुप्पाक यांच्यात येऊन पडणार. मी त्याचा गुडघा घट्ट दाबला. तो थांबला. मग आमच्या भाषेत, एकेक शब्द शोधत, चुलीपाशी ती शिकवायची तसा बोलला.

"तो तास मीच मागितला होता," तो म्हणाला. "तू नाही म्हणाला नाहीस. मला दिलास. मग उशीर कसला?"

कुप्पाकनं त्याच्याकडे बघितलं. त्यातलं खरं त्याला कळायला थोडा वेळ लागला, मलाही लागला. तास मागणारं आणि वाट बघणारं, दोन्ही आता एकच माणूस होतं. ते समोर बसून चहा पीत होतं. आणि त्याची काही तक्रार नव्हती.

"हो," कुप्पाक म्हणाला. "तूच मागितला होतास."

आणि तो रडला. उलायुक गेली तेव्हा नाही, पुरलं तेव्हा नाही, तेव्हापासून एकदाही नाही, आणि आता भर उन्हात, मरीझसमोर, नाक गळेपर्यंत रडला. मी उठले, त्याच्या मागे जाऊन बसले आणि पाठीवर हात ठेवला. त्याला गप्प केलं नाही. ओस्तापनं दाढीतला बर्फ बाहीनं पुसला, दुसरा कप भरला, उलायुक घालायची तशी त्यात तीन चमचे साखर घातली आणि कुप्पाकच्या हातात दिला.